धुरकटांचा आठवडा

पुएर्तो लामे या बंदराच्या गावातल्या शाळेत ऑक्टोबर उजाडला की अभ्यासाला कुणी वाली उरत नसे. शाळेचा वाढदिवस त्या महिन्यात यायचा आणि तो चांगला आठवडाभर साजरा व्हायचा. सगळी शाळा दोन पक्षांत वाटली जायची, तांबडा आणि निळा. प्रत्येक पक्षाचा एक राजा, एक राणी. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत खेळ, नाच, नकला, पैजा. आणि जो पक्ष जिंकेल त्याच्या राणीच्या डोक्यावर शुक्रवारी संध्याकाळी मुकुट. हा नाद शाळेपुरता राहत नसे. शाळा सोडून वीस-वीस वर्षं झालेली, पोट सुटलेली माणसं चौकात भेटली तरी आपण तांबडे होतो की निळे यावरून एकमेकांना डिवचायची.

पक्ष पाडण्याचा दिवस म्हणजे आणखी एक सोहळा. व्यायामशाळेच्या बाकांवर पोरं दाटीवाटीने बसायची, दोन्ही पक्षांचे म्होरके मधोमध उभे राहायचे आणि आळीपाळीने नावं पुकारायचे. आधी चेंडू खेळणारे, मग नाचणारे, मग ज्यांच्या बापाकडे ट्रक आहे ते, कारण शेवटच्या दिवशीच्या मिरवणुकीला ट्रक लागायचा. सगळ्यात शेवटी, बाकं जवळजवळ रिकामी झाल्यावर, वसतिगृहाची मुलं.

वसतिगृहात राहायची ती समोरच्या समुद्रातल्या लहान-लहान बेटांवरची मुलं. त्यांच्या घरांत चूल मधोमध असायची आणि ती कधी विझायची नाही. वर आढ्याला मासे नि डुकराचं मांस धुरावर टांगलेलं. त्या धुराचा वास त्यांच्या लोकरी स्वेटरांत आणि डोक्यावरून घालायच्या घोंगड्यासारख्या पोंचोंत असा मुरायचा की कितीही धुतले तरी जायचा नाही. गावातली मुलं त्यांना 'धुरकट' म्हणायची. म्हणताना दरवेळी वाईट हेतू असायचाच असं नाही, पण ज्याला म्हणायचे त्याला ते दरवेळी लागायचं.

त्या वर्षी तांबड्यांची म्होरकी होती रोमिना ओयार्सुन. धक्क्याजवळच्या मोठ्या दुकानदाराची मुलगी, शेवटच्या वर्षाला, दिसायला देखणी, जिभेला धार. तिची नावं पुकारून संपली. बाकांवर फक्त वसतिगृहाची तीसेक मुलं उरली. रोमिनाने त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि निळ्यांच्या म्होरक्याला म्हणाली, "उरलेले तुम्हीच घ्या. आमची गर्दी फार झालीय."

तो म्हणाला, "नको बाई. आम्ही कालच नवे कपडे शिवलेत, वास लागेल."

व्यायामशाळा हसली. आणि मग, हसू विरल्यावर, दोघांत तू घे, मी नाही, असं खुणांनीच चाललं होतं.

या सगळ्यावर देखरेख करायला इतिहासाचे बाहामोंदे सर होते. शांत माणूस, वर्गातसुद्धा आवाज चढवत नसत. ते खुर्चीतून उठले, पुढे आले आणि म्हणाले की दोन्ही पक्षांना नको असतील तर यंदा पक्ष तीन होतील. नियमात दोनच असावेत असं कुठे म्हटलेलं नाही. मग ते बाकांकडे वळले. "तुमचा म्होरक्या कोण?"

धुरकटांनी माना खाली घातल्या. कुणी बुटाकडे बघतंय, कुणी खिडकीकडे. आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून नोल्फा गिनेओ उभी राहिली.

ती उभी राहिल्याचं सगळ्यात जास्त आश्चर्य तिच्या शेजारी बसलेल्या एदुविनाला वाटलं, आणि त्याखालोखाल खुद्द नोल्फाला. कारण अख्ख्या वसतिगृहात तिच्याइतकी कमी बोलणारी मुलगी नव्हती. ती ताऊकेल बेटावरची. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा शाळेत आली तेव्हा भाषेच्या बाईंनी तिला धडा वाचायला उभं केलं होतं. तिने बेटावरच्या लयीत, शेवटचा शब्द गाण्यासारखा ओढत वाचायला सुरुवात केली आणि वर्ग हसत सुटला. बाईंनी दटावलं, पण बाईंच्याही ओठांच्या कडा हलत होत्या, ते नोल्फाने पाहिलं. त्या दिवसापासून तिने वर्गात तोंड म्हणून उघडलं नव्हतं. लेखी परीक्षेत पहिली, तोंडी परीक्षेत नापास.

"मी," ती म्हणाली. एवढंच.

"छान," बाहामोंदे सर म्हणाले. "आणि रंग?"

नोल्फाने आजूबाजूला पाहिलं. बाहेर नेहमीसारखी रिपरिप चालू होती, आणि दाराशी खुंट्यांवर वसतिगृहाच्या मुलांचे मच्छीमारी रेनकोट ओळीने लटकत होते. सगळे पिवळे.

"पिवळा," ती म्हणाली.

त्या रात्री जेवणघरात पिवळ्या पक्षाची पहिली बैठक झाली. वसतिगृहाच्या ऑर्फा मावशींनी शेगडीत चार लाकडं जास्तीची सारली आणि बटाट्याच्या वड्या तळून पुढे ठेवल्या. रिकाम्या पोटी कुणाला लढता येत नाही, असं त्यांचं मत होतं. राजा कोण यावर वाद झालाच नाही. बेलार्मिनो मिल्यालोंको हा एकच मुलगा असा होता की ज्याला चारचौघांत लाज वाटत नसे, आणि तो अकॉर्डियन वाजवायचा. म्होरकी तीच राणी, ही तर रीतच होती. नोल्फाने कपाळाला हात लावला. म्होरकी व्हायला ती उठली होती. मागोमाग राणीपणही गळ्यात पडेल हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

सोमवारी पिवळे सपाटून आपटले. व्हॉलीबॉलमध्ये त्यांना चेंडू दिसलाच नाही म्हणा. राण्यांच्या चालण्यात रोमिना तांबड्या रेशमी झग्यात अशी मिरवली की निळ्यांनीही टाळ्या दिल्या. नोल्फाला एदुविनाने आपल्या बहिणीचा लग्नातला झगा चढवला होता. तो खांद्यांवर सैल नि कमरेत घट्ट होता, आणि ती आठवड्याचा बाजार घेऊन निघाल्यासारखी झपाझप या टोकाकडून त्या टोकाला गेली आणि पडद्याआड दिसेनाशी झाली. परीक्षकांना पाटी वर करायलाही सवड मिळाली नाही.

मंगळवारी नकलांत हार, प्रश्नमंजूषेत मात्र जीत. लेखी उत्तरं होती, ती नोल्फाने दिली. बुधवारी रस्सीखेच होती.

तांबड्यांनी मैदानात फुटबॉलचा अख्खा संघ उतरवला, एकेकाची मांडी ओंडक्यासारखी. समोर पिवळ्यांची पोरं, त्यात चार मुली. पण ही पोरं चालायला लागल्यापासून रोज संध्याकाळी होड्या वाळूवर ओढत होती. बेलार्मिनोने मागून ताल धरला, होडी ओढताना बापलोक धरतात तोच, आणि दोराला एकच सावकाश, एकसारखा ओढा बसत गेला. तांबडे आधी हसले, मग दातओठ खाऊ लागले, मग चिखलातून घसरत घसरत रेषेच्या अलीकडे आले. निळ्यांची गत त्याहून वाईट झाली. दुपारी जोडीनाचात बेलार्मिनो वाजवत होता आणि एदुविना नाचत होती. तिथेही पहिला नंबर.

संध्याकाळी व्यायामशाळेबाहेरच्या फळ्यावर गुण लागले. तांबडे पुढे, निळे त्यांच्या मागे आणि पिवळे निळ्यांच्या इतके जवळ की पोरांनी फळा दोनदा वाचला. उरला होता गुरुवारचा देखावा, आणि शुक्रवारची शेवटची पैज, जिला सगळ्यांत जास्त गुण असत: कपड्यांची साखळी.

साखळीचा नियम सोपा होता. कपड्याला कपडा बांधत जायचं, शाळेच्या फाटकापासून उताराच्या रस्त्याने समुद्राकडे. तीनच्या घंटेला ज्याची साखळी सगळ्यात लांब, तो जिंकला. कपडे पक्षातल्या मुलांचे, त्यांच्या घरच्यांचे, शेजाऱ्यांचे, कुणाचेही चालत, पण ते माणसाने अंगावर घालायचे हवेत आणि दोन्ही टोकं उचलल्यावर साखळी कुठे सुटता कामा नये. तांबड्यांच्या आया महिनाभर आधीपासून माळ्यावरचे कपडे काढून ठेवायच्या. वसतिगृहातल्या पोरांकडे प्रत्येकी एक ट्रंक होती, तीही अर्धी रिकामी.

"आपली साखळी फाटकातून बाहेर डोकावंल आन परत आत येईल," बेलार्मिनो म्हणाला.

पोरं हसली, पण नोल्फा हसली नाही. ती उठली, रेनकोट चढवला आणि ऑर्फा मावशींना विचारून गावात गेली.

चौकातल्या औषधाच्या दुकानावर रेडिओ केंद्र होतं. तेव्हा बेटांवर फोन नव्हते. रोज संध्याकाळी सात वाजता रेडिओवरून निरोप वाचले जायचे आणि त्या वेळी कुठल्याही बेटावर कुठल्याही घरात कुणी चकार शब्द काढत नसे. ताऊकेलच्या रोसेंदोला कळवण्यात येतं की बायकोला दवाखान्यातून सोडलंय, उद्या किनाऱ्यावर घोडा घेऊन ये. अमक्याचं वासरू सापडलं. तमक्याची मावशी वारली, माती शनिवारी. हे निरोप आर्तेमियो काका वाचायचे. त्यांचा आवाज बेटांवरच्या लहान मुलांनाही आजोबांच्या आवाजासारखा ओळखीचा होता.

नोल्फाने आपला निरोप एका कागदावर नीटनेटका लिहून नेला होता. काकांनी तो चष्मा वर-खाली करत वाचला आणि परत तिच्या हातात दिला.

"हे मी वाचलं तर लोकांना वाटेल थट्टा आहे," ते म्हणाले. "कपडे मागायला कुणी रेडिओवर येतं का? तूच वाच. आईला तुझा आवाज कळेल."

नोल्फा म्हणाली की तिला बोलता येत नाही.

"आत्ता काय करतेयस मग?" असं म्हणून काकांनी तिला खुर्चीवर बसवलं, मायक्रोफोन तिच्या तोंडापुढे ओढला आणि तांबडा दिवा लागला.

तिने कागद वर धरला. शाळेच्या भाषेत लिहिलेलं पहिलं वाक्य वाचलं, "सर्व बेटवासीयांना नम्र विनंती," आणि तिथेच अडली. कागदावरची अक्षरं हलायला लागली. काका काचेपलीकडून हाताने चालू दे, चालू दे म्हणत होते. तिला वाटलं, पळावं. मग तिच्या डोळ्यांसमोर घरची चूल आली, बाकावर बसलेली आई, आणि फळीवरचा, बटण तारेने बांधलेला रेडिओ. आई आत्ता तिथे बसलेली असणार, हातातलं विणकाम थांबवून. नोल्फाने कागद खाली ठेवला.

"आये, म्या नोल्फा बोलतेय," ती म्हणाली. "म्या बरी हाय, काळजी करू नगंस. शाळंत आमाला कुनी पक्षात घेतलं न्हाई. वासाचं कारन सांगितलं. म्हनून आमी आमचा पक्ष काढलाय, पिवळा. तीन पैजा आमी जितल्यात, दोर वढायचा तर लई सोपा गेला. आता शुक्करवारी कपड्यांची साखळी करायची हाय आन आमच्यापाशी कपडेच न्हाईत. ज्येची पोरं हितं हायेत त्येंनी, आन ज्येची न्हाईत त्येंनी बी, बाजाराला येताना घरातलं समदं घेऊन या. पोंचो, स्वेटर, मोजे, काय बी. फाटकं चालंल. आमी परत देऊ, धुऊन. धुराचा वास असला तर असू दे. तसंच आना."

ती थांबली. मग आठवून म्हणाली, "आन हेर्मिनिया आत्याला सांग, म्या सुट्टीत बगितलं, तिची कोंबडी आपल्या पडवीत अंडी घालतीया."

काकांनी दिवा बंद केला तेव्हा ते हसत होते आणि डोळे पुसत होते.

आता रेडिओ बेटांवरच लागत होता असं नाही, गावातही लागत होता. गुरुवारी सकाळी नोल्फा वसतिगृहातून शाळेकडे येते तो रोमिना पायऱ्यांवर उभी, भोवती तांबड्यांचा घोळका. "आये," रोमिनाने सूर लावला, शेवट अगदी नोल्फासारखा ओढत, "म्या नोल्फा बोलतेय. फाटकं चालंल." नक्कल हुबेहूब होती. पायऱ्यांवर हशा उसळला. दिवसभर जो तो येता-जाता कोंबडीची चौकशी करत होता.

नोल्फाचे कान तापले. दोन वर्षांपूर्वी अशा वेळी ती वर खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून पडली असती. आज तिला पडायला वेळ नव्हता. दुपारचा देखावा उभा करायचा होता, आणि ती भर पटांगणात, सगळ्यांच्या देखत, त्याच लयीत, त्याच भाषेत पोरांना हुकूम सोडत होती. "फळी हिकडं आन. आरं तसं न्हाई, उभी धर." पहिल्यांदा काहीजण हसले. पाचव्या-सहाव्या हुकमाला कुणी हसलं नाही, कारण माणूस ज्याला लाजत नाही त्याला हसत राहायला दुसऱ्याला फार मेहनत पडते. देखाव्यात पिवळे दुसरे आले आणि एकूण गुणांत त्यांनी निळ्यांना मागे टाकलं.

शुक्रवारी पहाटेपासून उत्तरेचा वारा सुटला.

बंदराच्या कचेरीवर निशाण चढलं: लहान होड्यांना समुद्र बंद. वसतिगृहाच्या खिडकीतून ते निशाण स्पष्ट दिसत होतं. पोरं न्याहारीला बसली, पण पाव हातात धरून सगळी खिडकीकडेच बघत होती. बाजाराच्या दिवशी एकही होडी नाही असं वर्षातून चार-दोनदा व्हायचंच, आणि ते नेमकं आज झालं होतं. एदुविना रडायला लागली. नोल्फाने तिला ट्रंका खाली आणायला पाठवलं. आहे त्याने सुरुवात करू, म्हणाली.

दुपारी रस्त्यावर तीन साखळ्या निघाल्या. तांबड्यांची सरसर पुढे गेली. त्यांच्या आया पदपथावर टोपल्या घेऊन उभ्या होत्या, कोट, झगे, पायजमे, बाळाची झबली. पावाच्या दुकानापर्यंत पोचले, तिथून पुढे चर्चपर्यंत. निळे जरासे मागे. पिवळ्यांची साखळी फाटकातून बाहेर पडली, रस्ता ओलांडून विजेच्या खांबापर्यंत गेली आणि संपली. बेलार्मिनोने अंगातला शर्ट काढून बांधला. ऑर्फा मावशींनी आपले दोन एप्रन नि हिवाळ्याचा कोट दिला. एवढं करून साखळी शेजारच्या कुंपणापाशी गेली.

वारा मात्र दुपारी पडला होता. आभाळ दक्षिणेकडून फाटायला लागलं, आणि पिवळ्यांतल्या सगळ्यात लहान पोरीने कुंपणावर चढून एकदम आरोळी ठोकली, "होड्या!"

कचेरीवरचं निशाण उतरलं होतं. खाडीच्या तोंडातून एक होडी येत होती. तिच्यामागे दुसरी. मग चार एकदम, मग कुणाला मोजायचं भान राहिलं नाही. एरवी बाजाराला येतात त्याहून कितीतरी जास्त. वारा थांबायची वाट बघत सगळे पहाटेपासून होड्यांत बसून होते, हे मागाहून कळलं. धक्क्यावरून माणसं चढणीला लागली, पाठीवर पोती, डोक्यावर गाठोडी. बटाट्याची पोती नव्हती ती. पोत्यांच्या तोंडातून बाह्या लोंबत होत्या.

त्यांत सगळ्यांत पुढे नोल्फाची आई होती, क्लोरिंदा. ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई, चालताना वाकून चालायची. पण शाळेच्या फाटकाशी आली आणि तिथेच थांबली. नोल्फा धावत गेली तर आई फाटकाच्या गजाला हात लावून नुसती उभी.

"आये, आत ये की."

"येते," क्लोरिंदा म्हणाली. "म्या बी हितं व्हते. एक हिवाळा."

नोल्फाला हे ठाऊक नव्हतं. आईने कधी सांगितलंच नव्हतं. क्लोरिंदा चौदा वर्षांची असताना वसतिगृहात आली होती. वर्गात गावातल्या पोरींनी वासामुळे तिच्या बाकावर बसायचं सोडलं म्हणून पहिल्याच सुट्टीत घरी गेली ती परत आली नाही. बापाला सांगितलं, अभ्यास जमत नाही. पुढे मुलगी झाली तेव्हा मनाशी म्हणाली, हिला मी पाठवीन, आणि हिला काही सांगणार नाही, नाहीतर आधीच भिईल.

हे सगळं तिने तिथे, फाटकात, चार वाक्यांत सांगून टाकलं. मग पोतं खाली टाकलं आणि म्हणाली, "रेडिओवर तुजं ऐकलं. बरं बोललीस. आता गाठी मारायच्या का नुसतंच बघायचं?"

पुढे जे झालं ते पुएर्तो लामेने आधी कधी पाहिलं नव्हतं. बेटांवरची माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बसली आणि गाठी मारत सुटली. पोंचोला पोंचो, स्वेटरला स्वेटर, लांब लोकरी मोजे, ठिगळाच्या विजारी, लग्नातले झगे, बाप्तिस्म्याची अंगडी. पावाच्या दुकानाच्या आत बसलेली गिऱ्हाईकं बाहेर आली. साखळी दुकान ओलांडून गेली. निळ्यांची साखळी मागे पडली. चर्चच्या पायरीशी तांबड्यांचं टोक होतं; पिवळे तिथे पोचले आणि त्याच्या पुढे निघाले.

तेव्हा रोमिना बाहामोंदे सरांकडे गेली. तिचं म्हणणं असं की पिवळ्यांनी मधे पांघरुणं बांधलीत, आणि पांघरूण म्हणजे कपडा नव्हे. सर साखळीच्या कडेने चालत गेले, वाकून बघत. खरंच होतं. चढणीवर जड लोकरी पांघरुणं होती, बरीच. बेटावरच्या बायकांनी 'समदं घेऊन या' हे शब्दशः घेतलं होतं.

"नियम तो नियम," सर म्हणाले. त्यांना ते बोलताना जड गेलं, पण बोलले.

नोल्फाने हुज्जत घातली नाही. "सोडा," ती म्हणाली. पांघरुणं सुटली, मधली फट जोडायला साखळी मागे ओढावी लागली आणि पिवळ्यांचं टोक चर्चच्या बरंच अलीकडे आलं. पोती सगळी रिकामी झाली होती. घंटेला थोडाच अवधी उरला होता. तांबड्यांत टाळ्या सुरू झाल्या.

नोल्फा रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. तिने आईकडे पाहिलं, ताऊकेलच्या रोसेंदोकडे पाहिलं, हेर्मिनिया आत्याकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की हे सगळे लोक पहाटेपासून वाऱ्यात होड्यांत बसून आलेत. म्हणजे एकेकाच्या अंगावर तीन-तीन थर आहेत.

"अंगावरचं काढा," तिने हाक दिली.

क्लोरिंदाने खाली बसून आपले मोजे काढले. लांब, गुडघ्यापर्यंतचे, स्वतः विणलेले. ते मुलीच्या हातात दिले, मग स्वेटर काढला, त्याखालचा दुसराही काढला. रोसेंदोने पोंचो डोक्यावरून ओढला. हेर्मिनिया आत्या, जी घरातसुद्धा डोक्यावरचा रुमाल सोडत नसे, तिने रुमाल सोडला, शाल सोडली आणि वरचा घागरा उतरवला. खाली आणखी दोन होते. बघता बघता रस्त्याकडेला बेटांवरची शंभरेक माणसं बनियनवर नि परकरावर उभी, थंडीने काकडत आणि पोट धरधरून हसत. आणि मग पावाच्या दुकानाचा मालक, जो जन्माचा तांबडा, त्याने आपला पांढरा कोट काढून बेलार्मिनोकडे फेकला. रेडिओच्या खिडकीतून आर्तेमियो काकांचा टाय खाली आला.

पिवळं टोक चर्चशी आलं. चर्चच्या पुढे गेलं. मासळी बाजाराचा कोपरा वळलं. घंटा झाली तेव्हा शेवटची गाठ एदुविना मारत होती, आणि तिच्या पायाखाली धक्क्याच्या फळ्या होत्या.

वर फाटकापाशी बाहामोंदे सरांनी एक टोक उचललं. खाली धक्क्यावर नोल्फाने दुसरं. मधली माणसं बाजूला झाली. साखळी उतारभर ताणली गेली, वाऱ्याने थोडी फुगली, आणि एकही गाठ सुटली नाही. सगळ्या रस्त्याला धुराचा वास येत होता.

सरांनी हात वर केला. पुढचं कुणाला ऐकू आलं नाही.

कपडे सोडवायला संध्याकाळ झाली. कुणाचा मोजा कुणाकडे याचा पत्ता लागेना, आणि मदतीला निळे आले, मग तांबडेही आले. रोमिना सगळ्यात शेवटी आली. ती नोल्फाच्या शेजारी बसली आणि एका लोकरी स्वेटरच्या घट्ट गाठीशी झटू लागली. मग मान वर न करता म्हणाली, "ती नक्कल केली ना मी काल. फार छान जमली होती, सगळे म्हणाले." तिने गाठीचं दुसरं टोक ओढून पाहिलं. "रात्री घरी आई म्हणाली, तुझ्या पणजीचा आवाज असाच होता. ती पण कुठल्याशा बेटावरचीच."

नोल्फाने गाठ तिच्या हातातून घेतली, अंगठ्याने एकदाच दाबून सोडवली आणि स्वेटर तिच्याकडे परत दिला. "घाल," म्हणाली. "गारठा हाय."

रोमिनाने तो घातला.

मुकुटाच्या कार्यक्रमाआधी क्लोरिंदाला वरची खोली बघायची होती. नोल्फाने तिला आपली खाट दाखवली. क्लोरिंदा खाटेच्या कडेवर बसली, उशी थोपटली, खिडकीतून खाडीकडे बघितलं. पोरी भोवती जमल्या आणि त्यांनी तिला तिच्या त्या एका हिवाळ्याबद्दल विचारलं. तेव्हा जेवायला काय असायचं, शेगडी कुठे होती, बाई मारायच्या का. ती सांगत गेली. सांगताना हसतसुद्धा होती. खालून अकॉर्डियनचा आवाज आला आणि कुणीतरी जिन्यातून ओरडलं की राणीला बोलावतायत.

"जा तू," क्लोरिंदा म्हणाली. "म्या बसते हितं जरा."

"न्हाई," नोल्फा म्हणाली, "तू बी चल." आणि आईचा हात धरून तिने तिला उठवलं.

मुकुट पत्र्याचा होता, सोनेरी कागद लावलेला, आणि नोल्फाच्या डोक्याला मोठा झाला. रोमिनाने तो मागून पिनांनी बसवून दिला. रीतीप्रमाणे पहिला नाच राणीने राजाबरोबर करायचा, पण राजा अकॉर्डियन सोडायला तयार नव्हता. तेव्हा नोल्फा आईसमोर येऊन उभी राहिली आणि बेटावर नाचाला बोलावतात तसा रुमाल वर धरला. क्लोरिंदाचे मोजे अजून सापडले नव्हते. तिने बूट भिंतीशी काढून ठेवले, परकर जरा उचलला आणि व्यायामशाळेच्या थंडगार फरशीवर, सगळ्या शाळेच्या देखत, अनवाणी पायांनी ठेका धरला.